चौघांचं एकच वाक्य

अण्णा,

तुम्ही फौजेत होतात तेव्हा मला पत्र लिहिता येत नव्हतं, आणि तुम्ही कायमचे घरी आलात तेव्हा पत्र लिहायचं कारण उरलं नाही. त्यामुळे तुम्हाला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र, आणि तेही तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर. चार दिवस झाले, मला जेवण जात नाही. तब्येत ठीक आहे, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेते. पण कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारताना हात मध्येच थांबतो आणि मी त्या तारखेकडे बघत बसते. शिपाई विचारतो, मॅडम काय झालं? मी म्हणते, शाई संपली वाटतं. शाई भरपूर असते.

विषय आपल्या धाराशिवकडच्या वाशीच्या काकूंचा आहे. तुमच्या तुकडीतला जो एक जण एकाहत्तरच्या लढाईतून परत आला नाही, त्याची बायको. तुम्ही तिला वहिनी म्हणायचात. वाशीकडच्या माजी सैनिकांनी गेल्या दिवाळीनंतर ठरवलं की आपल्या भागातून कमांडोत गेलेल्या सहा जणांची एक पुस्तिका काढायची आणि वाशीत रस्त्याच्या कडेला त्यांच्या नावांचा दगड उभा करायचा. सहा जण म्हणजे तुम्ही, काकूंचे ते, आणि अजून हयात असलेले चौघं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. लायब्ररीतली बाई म्हणजे तिला लिहिता येणारच, असा लोकांचा समज असतो. मला पुस्तकं नीट लावता येतात, एवढंच. पण नाही म्हणावंसं वाटलं नाही. दगडावर पहिलं नाव तुमचं असणार होतं, कारण तुकडीत हुद्द्यानं तुम्ही मोठे. आणि समारंभाला मानकऱ्यांच्या मुलाबाळांना पुढच्या खुर्च्या, असं संघटनेच्या अध्यक्षांनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

चार महिने मी त्या चौघांच्या घरी खेपा घातल्या. मी बारावी झाले तेव्हा तुम्ही तुमचा फौजेतला पिट्टू धुऊन, पट्ट्यांना नवीन टाके घालून मला कॉलेजसाठी दिला होतात. मैत्रिणींच्या खांद्याला नाजूक पर्स आणि माझ्या पाठीवर हा खाकी बोजा, मी तेव्हा रडले होते. आता त्यातच वही, मोबाइल, चार्जर आणि म्हाताऱ्यांसाठी बिस्किटाचे पुडे घेऊन फिरले. म्हातारी माणसं बोलायला बसली की थांबत नाहीत, आणि तुमच्या मित्रांचं तर एकमेकांशी काही म्हणजे काही जुळत नाही. एक म्हणतो त्या रात्री चांदणं होतं, दुसरा म्हणतो स्वतःचा हात दिसत नव्हता. एक म्हणतो कालवा ओलांडला, दुसरा म्हणतो कोरडा नाला होता. खिशात शक्करपारे होते की फुटाणे, यावर दोघं फोनवर भांडले आणि आठ दिवस अबोला धरला. मी सगळं रेकॉर्ड केलं आणि रविवारी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून, इकडे भाजी परतत, ऐकून ऐकून वहीत उतरवून काढलं. तेव्हा मजा वाटत होती. मनात यायचं, अण्णा असते तर या सगळ्यांना एका ओळीत उभं करून गप्प बसवलं असतं.

अशाच एका रविवारी माझं वांगं करपलं. तिसऱ्या काकांचं बोलणं उतरवत होते आणि काकूंच्या नवऱ्याच्या मरणापाशी आले. ते म्हणत होते, "गोळी कपाळात लागली, हूं का चूं केलं न्हाय, जागीच गेला, म्या डोळ्यानं बघितलं." मला वाटलं हे मी आधीच लिहिलंय, चुकून जुनंच रेकॉर्डिंग लागलं. मागची पानं चाळली. पहिल्या काकांचं वाक्य तेच होतं. दुसऱ्यांचं तेच. मग चौथ्यांचं, अजून न ऐकलेलं, पुढे पळवून ऐकलं. तेच. शब्दाला शब्द, आणि "जागीच गेला"च्या आधी घेतलेला दमसुद्धा तसाच. ज्यांना चांदणं होतं का नव्हतं ते आठवत नाही, त्या चौघांना पन्नास वर्षांपूर्वीचं एक वाक्य पाढ्यासारखं पाठ. त्यातले दुसरे काका तर आपल्या रेकॉर्डिंगमध्ये या वाक्याच्या अर्धा तास आधी सांगत होते की ते कोसभर मागे पुलापाशी पहाऱ्याला होते, आत गेलेच नव्हते. मग त्यांनी डोळ्यानं काय बघितलं? मी गॅस बंद केला आणि तिथेच पाटावर बसले.

कारण ही रीत कुणाची ते मला माहीत होतं, अण्णा. मी त्या रितीतच वाढले. बँकेच्या दारात तुम्ही बंदूक घेऊन उभे असायचात, शाळा सुटली की मी तिथे यायचे, आणि तुम्ही काही आणायला किंवा सांगायला पाठवलंत की आधी म्हणून दाखवावं लागे. अर्धा किलो गूळ, एक काडेपेटी, उरलेले पैसे उजव्या मुठीत. परत म्हण. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही सांगायचात की मोहिमेवर निघायच्या आधी आम्हालाही असंच म्हणून दाखवावं लागायचं, प्रत्येकाला, शब्द न बदलता, म्हणजे अंधारात कुणाच्या डोक्यात गोंधळ नको. एकदा आजीला निरोप द्यायला तुम्ही मला पाठवलंत, "रविवारी जमलं तर येतो." मी आजीला खूश करायला "नक्की येतात, जेवायलाच येतात" असं सांगून आले. तुम्हाला जमलं नाही. आजी पुरण करून दिवसभर वाट बघत राहिली. तुम्ही मला मारलं नाहीत, पण बँकेच्या पायरीवर सगळ्यांसमोर उभं करून म्हणालात, "निरोप म्हंजे निरोप. त्यात आपल्या पदरचं घालायचं न्हाय. ऐकणारा त्याच्यावर दिवस काढतो." मी दहा वर्षांची असेन. ते बोलणं इतकं लागलं की अजून कुणाचा निरोप देताना मी शब्द मोजते.

तर मी बेंबळीला गेले. चौघांतले तुमच्या सगळ्यात जवळचे बेंबळीचे काका. त्यांच्याच रानात चिंचेखाली तुमची दरवर्षीची बैठक असायची, ज्वारी पोटरीला आलेली असायची तेव्हा. अजून दिसतं, मी आठ-नऊ वर्षांची आहे, तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून आले आहे. तुम्ही सगळे गडी बाह्या सरसावून कांदे चिरताय, मटणाच्या पातेल्याभोवती कुणा बाईला फिरकू देत नाही, आणि मीठ कुणी टाकलं यावरून हसून हसून लोळताय. लढाईचा शब्द नाही. मला वाटायचं कमांडो म्हणजे स्वयंपाक येणारा माणूस. ती चिंच आता नाही, तिथून पाइपलाइन गेली. काका अंगणात बाजेवर बसून जुन्या नायलॉनच्या पोत्याच्या धाग्यांचं दावं वळत होते. मी चहासुद्धा घेतला नाही. वही उघडली, चारही वाक्यं वाचून दाखवली आणि विचारलं, हे वाक्य तुम्हाला दिलं कुणी?

त्यांनी नाकारलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. दावं वळतच म्हणाले, "तुज्या बापानं. तीन येळा म्हणवून घेतलं आमच्याकडनं, हुकूम म्हणवून घेत्यात तसं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. काम उरकून परत फिरताना काकूंच्या नवऱ्याला मांडीत गोळी लागली. हाड मोडलं. तुम्ही सगळे शत्रूच्या हद्दीत आत, पायी, आणि उजाडायच्या आधी बाहेर पडायचं. ज्याला चालता येणार नाही त्याला उचलायचं नाही, हा हुकूम निघायच्या आधीच सगळ्यांनी म्हणून दाखवलेला होता, त्यानं स्वतःही. तुम्ही बाकीच्यांना पुढे पाठवलंत आणि त्याच्यापाशी बसलात. किती वेळ, ते काकांना सांगता येत नाही. तुम्ही मागून येऊन मिळालात तेव्हा तुमच्याजवळ तुमची पाण्याची बाटली नव्हती. मी विचारलं, मागून गोळीचा आवाज आला का?

"न्हाय," काका म्हणाले. "आला आसता तर तुज्या बापाला पुढं झोप तरी लागली आसती."

म्हणजे तुम्ही त्याला मारलं नाहीत, आणि मेलेलाही बघितला नाहीत. तुम्ही त्याला जिवंत सोडून आलात. तो तासाभरात गेला, दोन दिवसांनी गेला, की पकडला जाऊन कुठल्या कोठडीत वर्षानुवर्षं राहिला, हे कुणालाच माहीत नाही. छावणीत परतल्यावर तुम्ही चौघांना समोर बसवलंत आणि ते वाक्य दिलंत. बेपत्ता असं लिहिलं गेलं तर ती पोर जन्मभर दाराकडे बघत बसेल, असं तुम्ही म्हणालात म्हणे. मोठ्या साहेबासमोर प्रत्येकानं तेच सांगितलं, मागे पुलापाशी असलेल्यानंसुद्धा. त्याला तेवढं वगळायचं तुम्हाला सुचलं नाही, आणि त्यालाही सुचलं नाही, कारण म्हणून दाखवायचं म्हणजे सगळ्यांनी. मी निघताना काकांनी दावं खाली ठेवलं. म्हणाले, तुला काय लिहायचं ते लिही, पण आम्ही चौघं मेल्यावर लिही. मी एस.टी.त बसले आणि धाराशिव येईपर्यंत पिट्टू मांडीवर घट्ट धरून बसले, कुणी हिसकावून नेणार असल्यासारखी.

तिकडे अध्यक्षांचे रोज फोन. ताई, मजकूर कधी देताय? छापखानेवाला थांबलाय, दगडाला पॉलिश झालंय. त्यांना काकूंच्या नवऱ्याच्या फोटोखाली तेच वाक्य हवं होतं, साक्षीदार म्हणून तुमच्या नावासकट. मी म्हटलं, आधी काकूंना वाचून दाखवते. खरं तर मी ठरवून निघाले होते की सांगायचं. निरोपात आपल्या पदरचं घालायचं नाही असं ज्यानं मला शिकवलं, त्यानं घातलं होतं, आणि एक बाई त्याच्यावर दिवस काढत होती. गाडीत मी वाक्यं जुळवत होते. काकू, एक गोष्ट वेगळी कळलीय. नको. काकू, तुम्हाला त्रास होईल पण. तेही नको.

गावकुसाबाहेरची ती वस्ती तुम्हाला आठवत असेल. आता तिथे सिमेंटचा रस्ता आहे, काकूंच्या पुतण्यानं पत्र्याच्या जागी स्लॅब टाकलाय. काकू सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरून चालतात, पण मला बघून स्वतः चूल पेटवायला निघाल्या. सूनबाईंनी गॅसवर चहा केला. मी त्यांच्यासमोर खाली चटईवर बसले आणि पान वाचायला लागले. त्यांचं लग्न, भरती, कमांडोची निवड, सगळं. ते वाक्य आलं तेव्हा मी थांबले. आता, असं मनात म्हणाले. पण काकूंना वाटलं मी दम घ्यायला थांबले, आणि त्याच बोलायला लागल्या. लोक म्हणत होते थांब म्हणून, अशी माणसं परत येतात. सासू तर बांगड्या फोडू द्यायला तयार नव्हती. मग तुम्ही आलात.

"तुजा बाप उंबऱ्याभायेर हुबा ऱ्हायला आन् म्हनला, वैनी, म्या डोळ्यानं बघितलं," काकू म्हणाल्या. "तवा म्या माज्या हातानं फोडल्या. सासूला म्हनलं, आता न्हाय वाट बघायची. त्यानं सांगितलं नसतं तर म्या येडी झाली आसते."

पित्तरपाटात चौदसीला, हत्यारानं गेलेल्यांचा दिवस म्हणून, त्या दरवर्षी त्याचं पान वाढतात. एकही साल चुकलेलं नाही. दीराचं पोरगं स्वतःचं म्हणून वाढवलं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडात येईना. सांगितलं तर त्यांना काय मिळणार होतं? सतरा वर्षांची होऊन त्यांनी पुन्हा दाराकडे बघायचं? मी मान खाली घातली आणि पुढचा परिच्छेद वाचून टाकला. तुम्ही बरोबर होतात की चूक, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आत्ताही कळत नाही, पण मी गप्प बसले ते त्यांच्यासाठी बसले, असं मला तेवढा वेळ खात्रीनं वाटलं.

मी उठायला लागले तेव्हा काकूंनी माझा हात धरला. लई दिवसांचं मनात आहे, विचारू का, म्हणाल्या. तुम्ही दरवर्षी दिवाळीच्या आधी त्यांना लुगडं घेऊन जायचात. एकदा मलाही नेलं होतंत. तुम्ही पुडकं उंबऱ्याशी ठेवायचात, उभ्याउभ्याच बोलायचात आणि निघायचात. काकू पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या आणि तुम्ही नको म्हणायचात. मरेपर्यंत त्या घरात तुम्ही बसला नाहीत, पाण्याचा घोट घेतला नाहीत.

"ह्ये सुट्टीवर आले की सांगायचे, आमी फौजेत एका ताटात जेवतो," काकू म्हणाल्या. "मग माज्या घरचं पानी का न्हाय चाललं त्याला? आमच्या वस्तीतलं म्हनून न्हाय चाललं का? खरं सांग, म्या वाईट न्हाय मानायची."

मला उत्तर माहीत होतं, अण्णा. चार दिवसांपूर्वीच बेंबळीच्या अंगणात कळलं होतं. ज्याला पाण्याची बाटली देऊन मागे सोडून आलात, त्याच्या घरचं पाणी तुमच्या घशाखाली उतरणं शक्य नव्हतं. एवढं सांगितलं असतं तर पन्नास वर्षांचा त्यांच्या मनातला तो काटा निघाला असता. पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. मी म्हणाले, "व्हय काकू. जुन्या वळणाचे होते ते."

त्यांनी मान हलवली. "आसू दे," म्हणाल्या, "लुगडं मातर कदी चुकलं न्हाय." आणि सूनबाईंना म्हणाल्या, हिला अजून अर्धा कप दे. मी तो प्यायले. तुमच्या वाटचा म्हणून प्यायले असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण मी तो प्यायले कारण मला तिथून पळून जायचं होतं आणि प्यायल्याशिवाय उठता येत नव्हतं.

मजकूर त्याच दिवशी छापखान्यात गेला, वाक्यासकट. दगडावर तुमचं नाव पहिलं आहे आणि परवाच्या समारंभात पुढच्या खुर्चीवर मी बसणार आहे, शेजारची खुर्ची काकूंची. तुमचं नाव मी वाचवलं, असं घरी येताना स्वतःला समजावत होते. कसलं वाचवलं? मरणाऱ्याला सोडून आलेला माणूस आपल्या गावात कुणी सहन केला नसता. गावकुसाबाहेरचं पाणी न पिणारा माणूस कुणालाच खटकत नाही, दगडावर त्याचं नाव खुशाल कोरता येतं. म्हणून मी तुम्हाला तो माणूस केलं. तुम्ही तसे नव्हतात, आणि हे आता जगात फक्त मला आणि चार म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.

लायब्ररी बंद करायची वेळ झाली. हे कागद मी घरी नेणार नाही, पिट्टूतही ठेवणार नाही. जी पुस्तकं कुणी नेत नाही त्यांच्या कपाटात मागे सारून देईन. फक्त एक राहिलं. काकूंनी विचारलं तेव्हा मला उत्तर शोधावं लागलं नाही. ते कितीतरी वर्षं माझ्याजवळ तयारच होतं. त्या दिवशी तुमचं बोट धरून त्यांच्या दारातून परत येताना, तुम्ही पाणी का नाही घेतलंत, ते मला कळलंय असंच मी समजत होते, आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.